शेपूबंदीचा कायदा

वत्सलाताईंच्या घरात शेपूवर बंदी होती, आणि ती बंदी मोडायची कशी हे शोधणं माझं काम होतं.

एवढंच सांगितलं तर ऐकणाऱ्याला आम्हा दोघींच्याही डोक्याबद्दल शंका येईल. परवा माझी सून आणि नात जेवताना कुठल्याशा बातमीवरून भांडत होत्या. एका देशाने दुसऱ्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. नात म्हणत होती, आता वॉर होणार. सून म्हणत होती, वॉर नको म्हणूनच तर बंदी घालतात. मी पोळ्या वाढत होते. दोघींना सांगावंसं वाटलं की माझ्या ओळखीच्या एका बाईने या प्रश्नावर सबंध हिवाळा घालवला होता. पण बोलायची वेळ आली की माझे शब्द घशातच बसून राहतात. म्हणून दुपारी वही काढली.

आमचे यजमान फौजेत नाईक होते. दिल्लीच्या कॅन्टोन्मेंटमध्ये घर मिळून वर्ष झालं नाही तोच त्यांची पलटण सीमेवर गेली आणि ते घर सोडावं लागलं. वत्सलाताई माझ्या सासूबाईंच्या गावच्या. लग्न न केलेल्या, सरकारी नोकरीत, सरोजिनी नगरात दोन खोल्यांचं क्वार्टर. सासूबाईंनी त्यांना कार्ड टाकलं. उत्तर आलं, "सुमनला पाठवा. अट एकच. तिने मला देवासारखं वागवू नये."

ताई बुटक्या, गोऱ्या, खळ घातलेलं सुती पातळ नेसणाऱ्या. अंबाड्यात नेहमी एक पेन्सिल खोचलेली. आंघोळीला जातानाच काय ती काढायच्या. ऑफिसात त्या कायद्यांचे मसुदे हिंदीत उतरवायच्या. मोठे साहेब इंग्रजीत कायदा लिहीत आणि ताई तो हिंदीत आणत. वीस वर्षं हे करून त्यांची बोलीच तशी झाली होती. दूध सांडलं की म्हणायच्या, "उक्त दूध उक्त मांजरानेच सांडलं याला पुरावा काय?" मांजराचं नावच मग उक्त पडलं. हाक मारली की यायचंही.

कोणतंही वाक्य त्यांच्यासमोर टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कोण?" लोक म्हणतात, म्हटलं की, "म्हणजे नक्की कोण?" सगळे चिडलेत, म्हटलं की तेच. एकदा बसमध्ये बायकांच्या जागेवर एक जाडा गृहस्थ बसला होता. ताईंनी त्याला उठवलं नाही. शेजारी दांडा धरून उभ्या राहिल्या आणि तो नियम कुणी केला, का केला, त्यात 'महिला' म्हणजे नक्की कोण, हे त्याला गोड आवाजात सांगत राहिल्या. तो दोन स्टॉप आधीच उतरून गेला. ताई मला म्हणाल्या, "बस आता. कायदा समजावून सांगितला की माणूस पाळतो."

"तो पळाला, ताई."

"पाळणं आणि पळणं, आपल्याला जागा मिळाली ना?"

ऑफिसातलं मात्र त्या चकार शब्द बोलत नसत. वरच्या मजल्यावरून येऊन कुणी विचारलं, "मैडम, क्या चल रहा है आपके यहाँ?" की उत्तर एकच, "चाय." कामाची बॅग घरी आली की कपाटावर चढायची, आणि त्या स्टुलावर चढून ती ठेवायच्या. मला हात लावू देत नसत. मी चौथी शिकलेली, कायदा मला काय कळणार, असं त्यांना वाटत नसे. उलट म्हणायच्या, "तुला कळेल म्हणूनच वर ठेवते."

त्या हिवाळ्यात सीमेवर काहीतरी झालं. काय झालं ते रेडिओवर रोज थोडं वेगळं सांगत. यजमानांची पत्रं यायची, पण त्यात खुशाली, जेवण आणि थंडी एवढंच. मला या जगाकडून तेव्हा एकच गोष्ट हवी होती, लढाई होऊ नये. सकाळी दुधाच्या रांगेत उभी राहिले की कान तिकडेच. कुणी म्हणे, "सीधा मारो, बंदी-वंदी से क्या होगा?" कुणी म्हणे, "पहले हुक्का-पानी बंद करो, अपने आप अक्ल आएगी."

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बीजी राहायच्या. फाळणीत पलीकडून आलेल्या. मुलाला सरकारी नोकरी, म्हणून इथे. रांगेत त्या माझ्यापुढे असत. एकदा मागे वळून म्हणाल्या, "सुमन पुत्तर, हमारे मोहल्ले में पहले नमक देना बंद हुआ था. फिर सलाम. फिर आग लगी." आणि बादली पुढे सरकवून दूधवाल्याला सांगितलं, "पानी कम मिलाया कर." मला ते दिवसभर पुरलं.

याच सुमारास ताईंनी शेपूचा खेळ काढला. दिल्लीच्या थंडीत पालक-मेथीबरोबर शेपूही येतो, तिकडे त्याला सोया म्हणतात. ताईंना त्याचा वास आवडत नसे, मला मात्र फार आवडे. एका रविवारी आम्ही दोघी हिरवळीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. ताई म्हणाल्या, "समज, मी कायदा केला. जो कोणी परवानगीशिवाय या घरात शेपू आणील त्याला शिक्षा. आता तुला शेपू खायचाय. कशी पळशील?"

मी थोडा विचार केला. "मी नाही आणणार. भाजीवाल्याला आत बोलवीन. तोच आणील."

ताईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. "आणील किंवा आणवील," त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. "आता?"

"बीजींकडे शिजवीन. शिजला की तो शेपू कुठे राहिला, भाजी झाली."

"कोणत्याही रूपातील शेपू. आता?"

"बीजी बाजारातून घेतील. मी बीजींकडून घेईन. मी शेपूवाल्याशी बोललेसुद्धा नाही."

ताई मटार सोलायच्या थांबल्या. एक दाणा तोंडात टाकून माझ्याकडे बघत राहिल्या. मग लिहिलं, "थेट अथवा तिसऱ्या घरामार्फत." आणि म्हणाल्या, "सुमन, तू चुकून शेतकऱ्याच्या घरी जन्मलीस. तू तस्कराच्या घरी शोभली असतीस."

माझं इतकं कौतुक कुणी केलेलं नव्हतं. मग रोज संध्याकाळी खेळ सुरू झाला. त्या ऑफिसातून आल्या की चहा, आणि चहाबरोबर शेपू. घरात आधीच आणून ठेवलेल्या शेपूचं काय? शेपूचं बी आणलं तर? पाहुणा पिशवीत घेऊन आला आणि त्याला माहीतच नसलं तर? मी भांडी घासताना पळवाटा शोधायची. एखादी सापडली की हात तसेच राखेने भरलेले घेऊन बाहेर यायची. ताई लिहायच्या आणि ते दार बंद व्हायचं. आमच्या हसण्याने बीजी भिंतीवर थापटायच्या, "क्या पी लिया दोनों ने?" एका संध्याकाळी ताई गजकचं, तिकडच्या तिळगुळाच्या वड्यांचं, पुडकं घेऊन आल्या. "कशाबद्दल?" विचारलं तर म्हणाल्या, "चहा चांगला चाललाय."

थंडी ओसरत होती तेव्हा रेडिओवर बातमी आली की शेजारच्या देशाशी सगळी देवाणघेवाण बंद करणारं विधेयक संसदेत मांडलं गेलं. त्या दिवशी ताई लवकर घरी आल्या. बॅग कपाटावर न ठेवता खाली ठेवली आणि छापलेली हिंदी प्रत माझ्यासमोर धरली. "आता हे उघड झालं. आता वाच आणि विचार काय विचारायचं ते."

मी बोट ठेवून वाचायला लागले. हिंदी अवघड होतं, पण अक्षरं तर आपलीच. दुसऱ्या पानावर आलं, कोई भी व्यक्ति, प्रत्यक्ष या परोक्ष रूप से. त्याखाली, किसी भी रूप में. आणि त्याखाली, किसी तीसरे देश के माध्यम से.

तीसरे देश. म्हणजे बीजी.

मला थोडा वेळ लागला, पण समजलं. शेपू म्हणजे शेपू नव्हताच. सगळी दारं मी बंद केली होती, एकेक करून, हसत, राखेच्या हातांनी. आणि त्या दारांच्या तोंडाशी माझा नवरा बंदूक घेऊन उभा होता.

मी प्रत ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. दोन दिवस ताईंशी बोलले नाही. ताटात वाढायची, पाणी द्यायची, पण बोलणं नाही. ताई मग मांजराशी बोलायच्या. "उक्त, तुझ्या सुमनबाईंना सांग, आमटी छान झालीये." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसल्या, खाली फरशीवर, ऑफिसच्या पातळानिशी.

"मी गुपित फोडलं नाही," त्या म्हणाल्या. "देशाचं नाव काढलं नाही, कागद दाखवला नाही. पण तुला न सांगता तुझं डोकं वापरलं. एक-दोन भोकं मी साहेबांना दाखवली, ती त्यांनी बुजवली. मला शाबासकी मिळाली. तुझा नवरा कुठे आहे ते मला ठाऊक होतं, तरी तेव्हा ते डोक्यात आलं नाही. मला कोडं सोडवायचा आनंद झाला होता. ते बरं नाही केलं मी."

मोठ्या वयाच्या माणसाने माझ्यासमोर असं बसून चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ताई, याने लढाई होणार का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात ते दोन्ही खरं आहे. काही वेळा बंदी ही लढाईच्या ऐवजी असते. काही वेळा ती लढाईच्या आधी असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात."

"मग आतून कशी ओळखायची?"

"मला नाही ओळखता येत," त्या म्हणाल्या.

मला मग आमच्या गावातली गोष्ट आठवली, ती सांगितली. आमच्या आळीत दोन घरांनी एकमेकांशी देणं-घेणं बंद केलं होतं. विस्तव नाही द्यायचा, विरजण नाही, लग्नाला जायचं नाही. बंदी घातली ती दोन्ही घरच्या आजोबांनी. का घातली ते त्यांना माहीत होतं. ते वारले. मग मुलांनी पाळली, कारण वडिलांचा शब्द. मग नातवंडं एकमेकांची डोकी फोडायला लागली, आणि विचारलं तर कुणालाच कारण सांगता येईना. "ताई, बंदी घालणारे मेले, बंदी राहिली. ती उठवायची कुणी आणि कधी, हे कुणी बोललंच नव्हतं. जो पहिला विरजण मागायला जाईल तो हरला, असं होऊन बसलं."

मी उठून ती छापलेली प्रत आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"तुमच्या या कागदातही ते नाहीये," मी म्हटलं. "शेपू कसा आणायचा नाही ते सगळं आहे. परत केव्हा आणायचा, ते कुठाय?"

त्यांनी प्रत उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन्सिल फिरवली. परत एकदा फिरवली. मग पेन्सिल अंबाड्यात खोचली, पण ती खोचली गेली नाही, खाली पडली, आणि त्यांनी उचललीही नाही. "वीस वर्षं मी विचारतेय, नक्की कोण, नक्की कोण," त्या म्हणाल्या. "केव्हापर्यंत, हे विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फायलीवर टिपण लिहिलं. बंदीला मुदत असावी, मुदत वाढवायची तर संसदेला पुन्हा विचारावं, न विचारल्यास ती आपोआप संपावी. हे त्यांचं काम नव्हतं. साहेबांनी समासात शेरा मारला की अनुवादकाने अनुवाद करावा. ताईंना त्या शेऱ्याची इतकी मजा वाटली की पुढे महिनाभर घरात तोच चालला. मी मीठ जास्त टाकलं तर, "सुमनने अनुवाद करावा." मांजर ओट्यावर चढलं तर, "उक्ताने अनुवाद करावा." पण टिपण त्यांनी मागे घेतलं नाही. फाईल परत आली तेव्हा तेच टिपण पुन्हा, जरा मोठ्या अक्षरात लिहून पाठवलं. "तुमची नोकरी?" मी विचारलं. "नोकरी कलम अमुकखाली सुरक्षित आहे," त्या म्हणाल्या, पण त्या रात्री नीट जेवल्या नाहीत.

मग विधेयकावर चर्चा झाली. एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि त्यांनी तीच दुरुस्ती सुचवली, एक वर्षाची मुदत. त्यांना ती आपणहून सुचली की फाईल कुठून कुठे फिरत तिथवर पोचली, हे आजवर मला ठाऊक नाही. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "चहा." दुरुस्ती मान्य झाली, कायदा झाला.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते लिहीत नाही. ताई रोज पोस्टमनची वाट बघायच्या, पण मला दाखवायच्या नाहीत. पत्र आलं की बाहेरूनच आवाज, "फौजी पत्र, एक नग, सुस्थितीत." बीजी विचारायच्या, "लड़ाई?" ताई म्हणायच्या, "अभी तारीख़ बाकी है, बीजी." आणि बीजी, ज्यांना आधी हे सगळं पोरखेळ वाटत होतं, त्यांनी कॅलेंडरवर त्या तारखेला स्वतः कुंकवाचा ठिपका ठेवला.

मुदत संपली त्या दिवशी काहीच झालं नाही. कुणी ती वाढवा म्हणून उभं राहिलं नाही. तोवर दोन्हीकडे हवा थोडी निवळली होती. रेडिओवर सगळ्या बातम्यांच्या शेवटी, हवामानाच्या आधी, एक वाक्य आलं. कुणाला माफी मागावी लागली नाही, कुणी हरलं नाही, नुसती तारीख आली आणि गेली. ताईंनी रेडिओ बंद केला आणि पिशवी घेऊन बाजारात गेल्या. परत आल्या त्या शेपूची मोठी जुडी घेऊन. नाक पदराने दाबून त्यांनी ती स्वतः निवडली. जेवायला बीजींना बोलावलं. दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "सुमन, कायदा उठला तरी चव सुधारलेली नाही."

त्या आनंदात मीही एकदा म्हटलं, "आपल्यामुळे लढाई टळली, ताई." त्या एकदम गंभीर झाल्या. "असं कुठे बोलू नकोस. एका कलमाने लढाई होत नाही, एका कलमाने टळतही नाही. आपण परतायला एक दार ठेवलं. त्यातून परत यायचं ठरवलं ते त्या लोकांनी."

दोन महिन्यांनी यजमान आले. पलटणीची आता घरं मिळतील अशा ठिकाणी बदली झाली होती आणि ते मला न्यायला आले होते. ताईंनी आपली मोठी खोली आम्हाला दिली आणि स्वतः चार दिवस बीजींकडे झोपायला गेल्या. यजमान त्यांच्यासमोर ताठ उभे राहत. त्या म्हणत, "बसा हो, मी कर्नल नाही."

निघायच्या दिवशी त्या ऑफिसातून अर्धी रजा काढून स्टेशनवर धावत आल्या. गाडी सुटायला पाच-सात मिनिटं होती. मी खिडकीशी बसले होते, यजमान दारात. ताईंना इतक्या दिवसांत विचारता न आलेला एक प्रश्न राहिला होता, तो त्यांनी आता विचारला.

"तिथे तुम्हाला कळलं का हो, मुदत संपल्याचं? की ते आमचं इथलंच कागदी काम?"

यजमान जरा लाजले. ते माझ्याहून कमी बोलतात. "आम्हाला हुकूम वगैरे काही नव्हता, ताई," ते म्हणाले. "पण समोरच्या चौकीवर एक दाढीवाला होता. पूर्वी सकाळी तोंड धुताना मला बघून हात वर करायचा. बंदी आली आणि ते थांबलं. मीही थांबवलं. वर्षभर आम्ही एकमेकांकडे फक्त दुर्बिणीतून बघितलं. मग एका सकाळी त्याने हात वर केला. हातात ब्रश होता."

"आणि तुम्ही?"

"मी पण केला."

ताई हसल्या. मग रडल्या. मग दोन्ही एकदम करायला लागल्या आणि डोळे पुसायला रुमाल सापडेना म्हणून पर्स उलटीसुलटी करू लागल्या. तेवढ्यात मागून तिकीट तपासनीस आला आणि त्याने प्लॅटफॉर्म तिकीट मागितलं. ताईंकडे ते नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या तिकिटाशिवाय आत शिरल्या होत्या.

गाडी हलली. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिले. ताई बोट वर करून त्या तपासनिसाला सांगत होत्या, "नहीं नहीं, छोड़िए मत. ग़लती मेरी है, जुर्माना लगाइए. ठहरिए, मैं बताती हूँ कौन सा नियम लगेगा." तो बिचारा हात जोडून मागे मागे सरकत होता. आणि ओल्या चेहऱ्याने हसणाऱ्या ताई त्याच्यामागे चालल्या होत्या, त्याने सोडून देऊ नये म्हणून.